कड्या आवळल्या तरी गाडीचं नाक वरच: वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा परत परत येणारा त्रास

वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडणारा असा जोड, जो स्प्रिंग बार नावाच्या दोन पहारी साखळ्यांनी ताणून ट्रेलरचं वजन गाडीच्या पुढच्या चाकांकडेही वाटतो. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की दुसरा ते लगेच कळेल.

ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) जोडला, स्प्रिंग बार चढवले, गाडी सपाट दिसली, निघालो. पहिल्या दोन सहली मजेत जातात. तिसऱ्या सहलीत स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागतं. लेन धरून चालायचं तर चाक सारखं थोडं इकडे, थोडं तिकडे करावं लागतं. रात्री समोरून येणारे दिवे मारतात, कारण आपले हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जातात. थांबून बघावं तर गाडीचं बूड बसलेलं आणि नाक वर. साखळीची एक कडी आवळली की सगळं ठीक. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा एक कडी.

हा उद्योग मी एक अख्खा हंगाम केला. सुरुवातीला बार आणि साखळी अडकवायचा ट्रेलरवरचा कंस यांच्यामध्ये सात मोकळ्या कड्या होत्या, शेवटी पाच उरल्या. साखळीच्या बहुतेक हिचना निदान पाच कड्या मोकळ्या ठेवायला सांगतात. त्याहून कमी राहिल्या तर तीव्र वळणावर बारला फिरायला साखळी पुरत नाही आणि ती तुटू शकते. म्हणजे मी अगदी काठावर येऊन थांबलो होतो.

मग एका परतीच्या प्रवासात पाऊस लागला. ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी, गाडीची डिकी रिकामी, साखळी मात्र जाताना आवळलेलीच. उताराच्या एका वळणावर गाडीचं मागचं टोक हळूच बाहेर सरकलं. घसरगुंडी रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी सावरली. निभावलं, पण दिवसभर मनातून गेलं नाही. तोवर मी अशा समजात होतो की हा हिच जितका घट्ट तितका चांगला.

वजन जातं कुठे

साध्या, म्हणजे बार नसलेल्या हिचपासून सुरू करू. दोन खुर्च्यांवर एक लांब फळी ठेवा, तिचं एक टोक खुर्चीच्या बाहेर काढा आणि त्या टोकावर कुणाला तरी बसवा. जवळच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या वजनाहून जास्त भार येतो आणि लांबच्या खुर्चीवरचा भार उलट कमी होतो. गाडी म्हणजे ती फळी, चाकं म्हणजे खुर्च्या, आणि हिचचा बॉल (ट्रेलर ज्यावर टेकतो तो लोखंडी गोळा) म्हणजे ते बाहेर आलेलं टोक. ट्रेलरची दांडी बॉलवर जे वजन टाकते त्याला टंग वेट म्हणतात.

आकडे घालून बघू, त्याशिवाय हे पटत नाही. टंग वेट ३०० किलो धरा. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ३ मीटर, मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत दीड मीटर. साध्या हिचवर पुढची चाकं १५० किलोंनी हलकी होतात आणि मागच्यांवर ४५० किलो वाढतात. ट्रेलरने टाकले ३००, मागच्या ॲक्सलला लागले ४५०. वरचे दीडशे पुढच्या चाकांकडून आले. स्टिअरिंग हलकं होणं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होणं, हेडलाइट आभाळाकडे जाणं, या सगळ्याच्या मुळाशी हे दीडशे किलो आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ओल्या चढावर तीच चाकं जागेवर फिरतात, तेही यामुळेच.

आता स्प्रिंग बार. या दोन पहारी समजा. त्यांचं एक टोक हिचच्या डोक्यात (बॉल ज्यावर बसतो त्या भागात) अडकवलेलं असतं आणि मागचं टोक साखळीने ट्रेलरच्या ए-फ्रेमकडे (पुढच्या त्रिकोणी चौकटीकडे) वर ओढून धरलेलं असतं. पहारीचं टोक वर ओढलं की हिचचं डोकं पिळलं जातं आणि तो पीळ रिसीव्हरमधून, म्हणजे गाडीच्या मागे हिच जिथे बसतो त्या खोबणीतून, सगळ्या गाडीत जातो. गाडीचं बूड उचलल्यासारखं होतं आणि नाक खाली दाबलं जातं. तीच साखळी दुसऱ्या बाजूने ए-फ्रेमला खाली खेचत असते, म्हणून थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवरही जातो.

वरच्या गाडीमागे बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत ५ मीटर अंतर धरू. पुढच्या चाकांचे गेलेले १५० किलो पूर्ण परत आणायचे तर बारनी सुमारे ३४५ किलोग्रॅम-मीटरचा पीळ (एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला ३४५ किलो टांगल्याइतका) द्यावा लागतो. बार पाऊण मीटर लांब असेल तर दोन्ही साखळ्या मिळून ४६० किलोंचा ताण झाला, एकेका बाजूला २३०. इतकं केल्यावर पुढची चाकं मूळ वजनावर येतात, मागच्या ॲक्सलवर सुमारे २३० किलो जास्त राहतात आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर ७० किलो वाढतात. २३० आणि ७० मिळून ३००. एक किलोसुद्धा कुठे नाहीसा झालेला नाही.

हिच लावल्यावर दांडीचं वजन गाडीला लागतच नाही, असं बरेच जण धरून चालतात. इथे बघा, १०० टक्के भरपाई करूनही, म्हणजे पुढच्या चाकांचं गेलेलं सगळं वजन परत आणूनही, तीनशेतले दोनशे तीस गाडीवरच आहेत. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर गाडीत किती वजन टाकता येईल ते लिहिलेलं असतं, त्यातून हे वजा होणार. माणसं, सामान आणि खुद्द हिच हेही वजा होणार. हिचचं लोखंड साधारण ३० ते ५० किलो भरतं आणि हिशेबात ते हमखास विसरलं जातं.

अर्धीच भरपाई केली तर? पुढची चाकं ७५ किलोंनी हलकी राहतात, मागच्यांवर ३४० वाढतात, ट्रेलरच्या ॲक्सलवर ३५. बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिका हीच अर्धी भरपाई करायला सांगतात. पूर्ण का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर जास्त आवळल्यावर काय होतं त्यात आहे.

बार दीडपट ताणा, म्हणजे पीळ ५२० च्या आसपास. पुढची चाकं मूळ वजनाहून ७५ किलो जड होतात, मागच्यांवर जेमतेम १२० वाढतात, ट्रेलरवर १०५ जातात. नाक रस्त्याला चिकटतं, स्टिअरिंग एकदम भरीव लागतं आणि चालवणारा खूश होतो. पण वळणावर ट्रेलर बॉलमधून गाडीच्या बुडाला आडवा रेटा देत असतो आणि तो पेलायचं काम मागच्या टायरांचं असतं. त्यांच्यावरचं वजन आपण काढून घेतलं, पुढच्यांना जास्त पकड दिली, म्हणजे गाडी पुढून वळते आणि मागून सुटते. माझ्या बाबतीत पावसात हेच झालं. सामान आणि पाणी उतरल्यावर टंग वेट कमी झालं होतं, पीळ मात्र भरल्या ट्रेलरचा होता.

मग ते दर महिन्याला बिघडत का होतं

माझ्याकडे एकाच वेळी दोन कारणं होती, आणि एकाचं लक्षण दुसऱ्याच्या मागे लपत होतं. म्हणून हंगाम गेला.

पहिलं कारण म्हणजे पाणी. माझ्या ट्रेलरची पिण्याच्या पाण्याची टाकी १५० लिटरची आहे आणि ॲक्सलच्या सुमारे २ मीटर पुढे आहे. भरली की बॉलवर किती वाढतं? १५० गुणिले २ भागिले ५, म्हणजे ६० किलो. घरी हिच लावून मोजमाप केलं तेव्हा टाकी रिकामी होती. जिथे मुक्कामी पाण्याची सोय नव्हती त्या सहलींना ती भरून निघालो. म्हणजे काही सहलींना नाक वर आणि काहींना ठीक, यात गूढ काही नव्हतं. मी कधी टाकीच्या काट्याकडे आणि साखळीच्या कडीकडे एकत्र बघितलंच नाही.

तुमची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर गणित उलटं चालेल आणि ते जास्त वाईट. १ मीटर मागे १५० लिटर म्हणजे दांडी ३० किलोंनी हलकी. सांडपाण्याच्या टाक्या, मागच्या बंपरवरची सायकलींची चौकट, पुढच्या कप्प्यातली अवजारं, ए-फ्रेमवरचे गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी, या प्रत्येकाला हाच हिशेब लागतो: वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर, भागिले बॉल ते ॲक्सल. कागदावर एकदा करून ठेवा. सायकली मागे टांगल्यावर दांडी किती हलकी होते ते बघून मी चकित झालो होतो, कारण त्यांचं अंतर टाकीच्या दुपटीहून जास्त निघतं.

बार ही स्प्रिंग आहे, हेही ध्यानात ठेवा. बारला वजन कळत नाही, कोन कळतो. दांडी जड झाली की गाडीचं बूड बसतं, गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला कोन बदलतो, बार आणखी वाकतो आणि थोडी भरपाई आपसूक होते. थोडीच. पन्नास-साठ किलोंचा फरक तो अंगावर घेऊन पुरता झाकू शकत नाही.

दुसरं कारण शोधायला वेळ लागला. हिचचं डोकं मागे किती कललंय यावर बारचं टोक किती खाली जाईल ते ठरतं, आणि टोक जितकं खाली तितकं ते वर ओढताना जास्त ताण येतो. हा कल वॉशरच्या संख्येने किंवा दातेरी चकतीने बसवतात आणि दोन मोठ्या बोल्टनी आवळून टाकतात. माझे बोल्ट आवळलेले होते, पण पुरते नाही. भार आला की डोकं एखादा अंश ढळायचं. पाऊण मीटरच्या बारवर एक अंश म्हणजे टोकाला सुमारे १.३ सेंटिमीटर. दर सहलीला टोक जरासं वर सरकायचं, ताण जरासा कमी व्हायचा आणि मी कडी आवळून त्यावर पांघरूण घालायचो. कडी आवळल्यावर ताण वाढून डोकं पुढच्या सहलीला आणखी ढळायचं. म्हणजे मी करत असलेली दुरुस्तीच बिघाडाला खतपाणी घालत होती.

दोन्ही कारणं वेगळी कशी काढायची

सगळ्यात स्वस्त परीक्षा रंगाच्या रेघेची. हिचचं डोकं आणि शँक (रिसीव्हरमध्ये शिरणारा दांडा) जिथे भेटतात तिथे दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या ऑइलपेंटने ओढा. बोल्टचं डोकं आणि त्यामागचं लोखंड यांच्यावरही एक. ए-फ्रेमवर साखळीचे कंस बसवलेत त्यांच्या कडेने फ्रेमवर एक. पुढच्या सहलीनंतर बघा. रेघ तुटली असेल तर तिथे काहीतरी सरकतंय, आणि तोपर्यंत बाकी कुठेही हात लावायचा नाही. माझी रेघ पहिल्याच सहलीत दोन मिलिमीटर तुटली. बोल्ट सोडून, दाते साफ करून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने आवळल्यावर आजतागायत सरळ आहे. हे बोल्ट साध्या पान्याने ‘बस्स, झालं’ म्हणण्याइतके आवळून भागत नाही. त्यांचा टॉर्क मोठा असतो आणि लांब दांड्याची रेंच लागते.

कंस सरकले असतील तर साखळी उभी न राहता तिरकी दिसते. डोळ्यांना पटकन कळतं.

रेघ शाबूत असेल आणि तरी नाक वर जात असेल, तर वजन बदलतंय. तेव्हा पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजा. जमिनीपासून कमानीच्या कडेपर्यंत, तीनदा: ट्रेलर नसताना, ट्रेलर बॉलवर आहे पण बार नाहीत अशा वेळी, आणि बार चढवल्यावर. पहिला आकडा ९०० मिलिमीटर आणि दुसरा ९३० आला तर अर्ध्या भरपाईचं लक्ष्य ९१५. पुस्तिकेत पूर्ण भरपाई सांगितली असेल तर ९००. पण ९०० च्या खाली कधीच नाही. ८९५ आला तर मूळच्यापेक्षा जास्त वजन पुढे ढकललंय, कड्या सैल करा.

इथे लोक दोन चुका करतात आणि मी दोन्ही केल्यात. एक म्हणजे उतरत्या जागेवर मोजणं. गाडी आणि ट्रेलर दोन्ही एकाच सपाटीवर पाहिजेत. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मुद्दाम उतार दिलेल्या फरसबंदीवर सगळे आकडे खोटे येतात. दुसरी चूक सस्पेंशनची. गाडी आपोआप पातळी साधणारी असेल तर बार चढवता चढवता ती मागे हवा भरत बसते आणि आपण जे मोजतो त्याला अर्थ राहत नाही. जोडणी करताना ती यंत्रणा बंद ठेवायची की चालू, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते वाचूनच करा.

मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवून ‘झालं की सपाट’ म्हणणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पिशवी बूड उचलते, वजन पुढे नेत नाही. गाडी दिसते सपाट, पुढच्या चाकांचे दीडशे किलो बहुतांश गेलेलेच असतात. वर बूड उचललं गेलं की बारचा ताणही सैल पडतो. पिशव्या असतील तर आधी त्यांत किमान हवा ठेवून हिच बसवा, मग लागलीच तर थोडी वाढवा आणि पुन्हा मोजा.

काट्यावर जा

उंची हा वजनाचा अंदाज आहे. खरं काय ते वजनकाटाच सांगतो, आणि एका फेरीत तीन वजनं करून घेतली की वर्षभराचा वाद मिटतो. सहलीला निघताना असते तशी गाडी भरा, माणसं बसवा, टाकी नेहमीइतकी भरा. पहिलं वजन बार चढवून. दुसरं बार काढून. तिसरं ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. तिन्ही वेळा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगळे. काट्याला एकच फलाट असेल तर आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी, मग सगळं. वजाबाकीने प्रत्येकाचं निघतं.

समजा असं आलं. नुसती गाडी: पुढे १,४५०, मागे १,३५०. बार नसताना: पुढे १,३००, मागे १,८००, ट्रेलर २,१००. बार चढवून: पुढे १,३७५, मागे १,६९०, ट्रेलर २,१३५.

आता वाचा. बार नसताना गाडीची एकूण ३,१०० झाली, नुसती २,८०० होती, म्हणून टंग वेट ३००. ट्रेलरचं पूर्ण वजन २,१०० अधिक ३००, म्हणजे २,४००. तीनशे त्याच्या साडेबारा टक्के होतात. ट्रॅव्हल ट्रेलरला १० ते १५ टक्के हवेत, त्यात बसतं. पुढे १५० गेले होते, ७५ परत आले, म्हणजे भरपाई ५० टक्के. शेवटी मागचे १,६९० हे मागच्या ॲक्सलच्या आणि टायरच्या मर्यादेत आहेत का, ते स्टिकरवर बघा. रिसीव्हरवरही स्टिकर असतं आणि त्यावर बहुधा दोन आकडे असतात, साध्या हिचसाठी एक आणि वजन वाटणाऱ्या हिचसाठी दुसरा, मोठा. ३०० किलो पहिल्यात बसत नसतील तर बार काढून लांब जायचं नाही. काही गाड्यांना असा हिच लावायला उत्पादकाचीच मनाई असते, कारण हा पीळ घेण्यासाठी त्यांची मागची चौकट बनवलेली नसते. तिथे कितीही बारीक जुळवणी केली तरी उपयोग नाही.

जाहिरातीतल्या ओढण्याच्या क्षमतेवर विसंबू नका. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या, २००८ मध्ये आलेल्या जे२८०७ या मानकानुसार तो आकडा काढताना गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोंचे, धरलेले असतात आणि टंग वेट १० टक्के. तुमच्या गाडीत चौघं, डिकीभर सामान आणि मागे साडेबारा टक्क्यांचा ट्रेलर असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

बार चुकीचे असतील तर

सगळं बरोबर असूनही पाच कड्यांवर येऊन नाक वरच राहत असेल तर आणखी कडी आवळू नका, डोक्याचा कल एका वॉशरने वाढवा. तरीही होत नसेल तर बार दांडीच्या वजनाला कमी पडतोय. उलट, २०० किलोंच्या दांडीला ५५० किलोंसाठी बनवलेले बार लावले तर ते जवळपास वाकतच नाहीत. प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ ए-फ्रेमला जातो, आत कपाटांची दारं उघडतात आणि कालांतराने फ्रेमच्या वेल्डला तडे जाऊ शकतात. जास्त क्षमतेचा बार घेतला म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही.

बॉलची उंचीही एकदा तपासा. ट्रेलर सपाट उभा करून कपलरची (दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीची) उंची घ्या आणि बॉल त्याहून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा, कारण भार आल्यावर तो तेवढा बसणारच. सगळं जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली असावा.

बार चढवताना हातांनी झुंजायचं नाही. कपलर बॉलवर बसवा, खटका लावा, पिन घाला आणि मग जॅकने दांडी आणि गाडीचं बूड दोन्ही एकत्र वर उचला. बार जवळजवळ सैल होतात, साखळी सहज अडकते. जॅक खाली घेतला की ताण आपोआप येतो. काढतानाही आधी असंच उचला. २३० किलोंच्या ताणावरचा कंस पाइप लावून उघडला तर पाइप उलट फिरून जबडा मोडतो. उभं राहायचं ते पाइपच्या वाटेतून बाजूला.

डोलण्याचा प्रश्न वेगळा आहे

ट्रेलर शेपटीसारखा डोलतो म्हणून बरेच जण कड्या आवळतात. वजन वाटणारा हिच डोलणं मुळातून बरं करत नाही. डोलण्याचं नेहमीचं मूळ म्हणजे हलकी दांडी, मागच्या टोकाला लादलेलं सामान, टायरमधली कमी हवा आणि वेग. सामान मागे गेलं की बैलगाडीसारखा ट्रेलर उलाळ होतो. स्प्रिंग बार कितीही ताणले तरी आतलं सामान पुढे सरकत नाही, उलट बॉलवरचं निव्वळ ओझं आणखी थोडं कमी होतं. आधी सामान हलवा, वजन करा, १० टक्क्यांच्या वर या. मग घर्षणाने डोलणं दाबणारी जोड लावा. त्या जोडीच्या घर्षणाच्या जागी ग्रीस लावायचं नाही, बॉलला लावायचं. वळताना कुरकुर होईल, होऊ द्या. बाजूला लावायचा स्वतंत्र घर्षण-दांडा असेल तर ट्रेलर मागे घेण्याआधी तो काढा, नाहीतर वाकतो.

चालताना डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला आणि ट्रेलरचे ब्रेक हाताच्या कंट्रोलरने हलके लावा.

ट्रेलरला धक्क्यावर चालणारे सर्ज ब्रेक असतील तर हिच त्यांच्याशी जुळतो का, ते घेण्याआधी विचारा. काही हिचचे बार कपलरला सरकू देत नाहीत आणि ब्रेक लागतच नाहीत.

आता एक बारीक गोष्ट, जी मला सगळं जुळल्यावर कळली. पंपाच्या किंवा अंगणाच्या खोल उतरंडीत गाडी आणि ट्रेलर यांचा खालच्या बाजूला कोन होतो, तेव्हा बार प्रचंड ताणले जातात. मागची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात आणि नाक जमिनीत रुतल्यासारखं वाटतं. उंचवट्यावर नेमकं उलटं, साखळ्या सैल लोंबतात. पहिल्यांदा मागची चाकं फिरली तेव्हा मला वाटलं पुन्हा बोल्ट ढळले. रेघ बघितली, जागेवर होती. तेव्हापासून अशी उतरंड दिसली की तिच्या आधीच थांबून बार उतरवतो, हळूहळू पार करतो आणि सपाटीला आलं की परत चढवतो. दहा मिनिटं जातात.

माझ्या कड्या आता टाकी भरलेली असताना सहा, रिकामी असताना सात. जॅकच्या खांबावर मार्करने लिहून ठेवलंय.